पहिली तीन गाणी

जयाव, शिलाँग
बुधवार, संध्याकाळ

आमच्या घराचे वडीलधारे आणि माझ्या कानाचे कायमचे धनी (भाच्यानं पन्नाशी ओलांडली म्हणून त्याचा कान धरायचा मामाचा हक्क संपत नाही, असं तुमची भाची थेइलिन म्हणते) आदरणीय एडवेलमामा यांना भाचा किनसाय याचा मान खाली घालून खुब्लेई.

तुमचा गुडघा कसा आहे? शेलाच्या उतारावर फार चढउतार करू नका असं मी सांगणार नाही, कारण तिथे सपाट जागा म्हणजे तुमच्या अंथरुणाएवढीच. मामींच्या खोकल्यासाठी पाठवलेलं आलं पोचलं का? मधमाश्या यंदा घर सोडून गेल्या नाहीत ना? संत्र्यांना रंग चढला असेल. इकडे मेई, म्हणजे तुमची धाकटी बहीण आणि आमची आई, ठणठणीत आहे. दात जवळजवळ सगळे गेले, पण क्वाय सुटत नाही. सुपारी खलबत्त्यात कुटून घेते, पान-चुन्याबरोबर गालात धरते आणि मग दिवसभर कोणी कसं वागावं ते आम्हांला सांगते. तुमची आठवण रोज काढते. दर वर्षी आम्ही विचारतो, मामा, कधी येताय? आणि दर वर्षी तुमचं एकच उत्तर, 'पाऊस थांबला की येतो.' चेरापुंजीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसानं असं म्हणणं ही नाही म्हणण्याची फार सभ्य रीत आहे, हे मला उशिरा कळलं. असो.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही 'हं' म्हणालात की रेंज गेली, हे आम्हांला आजवर ओळखता आलेलं नाही. शिवाय घरातली गंभीर गोष्ट तोंडासमोर बोलावी, नाहीतर कागदावर लिहावी, हे तुमचंच शिकवणं. कागद उद्या सकाळच्या सुमोनं निघेल. थेइलिन समोरच बसलीय. मेईची धाकटी लेक म्हणजे घराची मालकीण, तेव्हा टेबल तिचं, दिवा तिचा आणि कागदही तिचाच. मी तिच्याहून मोठा, पण तो फक्त 'बाह', म्हणजे दादा, अशी हाक मारून घेण्यापुरता. तिचा हुकूम असा: 'बाह, तुझ्या धंद्याची सगळी दुर्दशा पहिल्यापासून लिही. काही झाकू नकोस. पोरगी या रॉकच्या नादाला लागली तर पुढे काय होतं ते मामांना दिसू दे.' तेव्हा खाली लिहितोय ते आत्मचरित्र समजू नका. ही साक्ष आहे. आरोपी तिची लेक, आपली इदा, आणि पुरावा मी.

इदा तुम्ही शेवटची पाहिलीत तेव्हा ती टेबलाखाली बसून खडू खात होती. आता ती 'टिन रूफ' नावाच्या बँडमध्ये गाते. बँडमधली बाकीची मुलं केस वाढवून असतात, हिनं कापलेत, एवढाच फरक. दक्षिणेकडच्या एका नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळालीय आणि येतेस की नाही ते त्यांना सोमवारी कळवायचं आहे. थेइलिन म्हणते, जायलाच पाहिजे. इदा म्हणते, जाणार नाही. दोघी एकाच स्वयंपाकघरात असल्या की भांडीसुद्धा जपून वाजतात. थेइलिनचं अगदी चुकतंय असंही नाही. इदाचा बाप बेस गिटार घेऊन दिमापूरला दोन दिवसांच्या कार्यक्रमाला गेला, तो कार्यक्रम अजून संपलेला नाही. आता आपल्याकडे मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द मामाचा, म्हणजे इदाच्या बाबतीत तो माझा. पण माझा शब्द ऐकून थेइलिन इतकं हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग असं ठरलं की मामाच्या मामाला विचारायचं. इदानंही कबूल केलं, 'मोठे मामा म्हणतील ते ऐकेन.' रविवारी चर्च सुटल्यावर बैठक आहे. तुमचा होकार-नकार आला की विषय संपला.

तर आता माझी दुर्दशा. तिची सुरुवात तुमच्यापासूनच होते, मामा, राग मानू नका. मी शाळा सोडून कुठूनतरी जुना कॅमेरा पैदा केला आणि बँडवाल्यांच्या मागे फिरायला लागलो, तेव्हा अशीच बैठक बसली होती. सगळे म्हणाले, पोरगा वाया गेला. तुम्ही शेलाहून आलात, कोपऱ्यात बसलात, एकामागून एक क्वाय चघळत राहिलात, आणि शेवटी म्हणालात, 'करू दे त्याला.' बस्स, एवढंच. आजीनं कारण विचारलं, तर तुम्ही छत्री शोधायला लागलात. (थेइलिन म्हणते, हे लिहू नकोस, मामांना त्यांची चूक दाखवल्यासारखं होईल. पण तिनंच सांगितलंय काही झाकू नकोस, तेव्हा राहू दे.)

सुरुवातीची वर्षं बरी गेली. तेव्हा स्टेजसमोर कोण उभं आहे, कोण बसलंय, याची कोणाला पर्वा नव्हती. मग परदेशी बँड यायला लागले. तुम्हांला आपलं गाव ठाऊकच आहे: ज्यांना त्यांच्या घरचे लोकही विसरले, ते शिलाँगला आले की सत्तर वर्षांचे बाह चामड्याची जाकिटं घालून पहिल्या रांगेत, आणि प्रत्येकाला शब्दन् शब्द पाठ. त्या पाहुण्यांच्या मॅनेजरांनी एक नियम आणला: फोटोवाल्यांनी स्टेज आणि कठड्याच्या मधल्या पट्ट्यात उभं राहायचं, ते फक्त पहिली तीन गाणी. चौथं सुरू व्हायच्या आत बाहेर. कारण असं की चौथ्या गाण्यापर्यंत गायकाला घाम सुटतो, केस चिकटतात, चेहरा लाल होतो, आणि तसं रूप कोणी छापलेलं त्यांना चालत नाही. पाहुणे गेले, नियम राहिला. आपल्या लोकांना तो एवढा आवडला की आता गल्लीतल्या फुटबॉलच्या बक्षीससमारंभातही फोटोवाल्याला तिसऱ्या बक्षिसानंतर बाहेर काढतात. एका शाळेच्या संमेलनात तर बाईंनी मला बालवर्गाच्या तिसऱ्या नाचानंतर निघा म्हणून सांगितलं. आता ती पोरं घामेजली तर काय अब्रू जाणार होती?

याचा परिणाम असा झाला की माझं सगळं आयुष्य पहिल्या तीन गाण्यांत गेलं. तुम्ही कोणत्याही मोठ्या बँडचं नाव घ्या, मी सांगेन त्यांनी सुरुवात कशानं केली. शेवट कशानं केला, देव जाणे. चौथं गाणं म्हणजे माझ्यासाठी मैदानाबाहेरच्या टपरीवरचा चहा आणि गरम, तळलेलं गोड पुखलेइन. आणि पहिली तीन तरी ऐकली म्हणावं, तर तेही नाही. स्पीकर इतके जवळ, की कानात कापसाचे बोळे घातल्याशिवाय उभं राहता येत नाही. म्हणजे असं बघा, की रॉक संगीताच्या फोटोंत हयात घालवलेल्या या माणसानं रॉक संगीत जवळजवळ ऐकलेलंच नाही. लोकांना खोटं वाटतं. तुम्ही हसू नका.

फोटो तरी धड आहेत का? तो पट्टा स्टेजच्या खाली असतो, म्हणून सगळं खालून दिसतं. माझ्याकडे जगातल्या भल्याभल्या गायकांच्या नाकपुड्या आहेत. नुसत्या नाकपुड्या दाखवा, मी नाव सांगेन. आणि माझ्या एकाही फोटोत कोणाला घाम नाही. सगळे कसे आत्ताच आंघोळ करून, केस विंचरून, आईला सांगून आलेले. तरुणपणी मला त्याचा अभिमान होता. हल्ली ते जुने फोटो काढून बसलो की वाटतं, या माणसांचं पुढे काय झालं ते मला कुठे माहीत आहे? ते मनापासून गायला लागले तेव्हा मी चहा पीत होतो.

(थेइलिन म्हणते, उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस, लग्नाचं लिही.)

लग्नाचं लिहितो. एवढ्यावर पोट भरत नाही, म्हणून लग्नं, बारशी, मयती करतो. मयतीत घरचे लोक शवपेटीभोवती उभे राहून शेवटचा फोटो काढून घेतात, ते काम मला बरं वाटतं, कारण तिथे कोणी हलत नाही. पण मावप्रेमच्या बाह केरलांगच्या मुलीचं लग्न होतं चर्चमध्ये. पहिलं भजन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिसऱ्याचा 'आमेन' कानावर पडला मात्र, माझ्या हातांनी आपोआप कॅमेरा पिशवीत घातला आणि माझे पाय मला घेऊन बाहेर गेले. शपथ सांगतो, मला कळलंसुद्धा नाही. टपरीवर अर्धा चहा झाला, तेव्हा आतून घंटा वाजली आणि मी पेला टाकून आत धावलो. वचनं देऊन झाली होती, अंगठ्या घालून झाल्या होत्या. मी पाद्रीसाहेबांना हात जोडले, एकदा परत होऊ द्या. ते म्हणाले, 'देवानं एकदा जोडलंय. दुसऱ्यांदा जोडलं तर त्याला वाटेल पहिलं नीट बसलं नव्हतं.' शेवटी नवरानवरीला चर्चच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं केलं आणि नुसती तोंडं उघडायला लावली. त्या फोटोत नवरा असा आ वासून उभा आहे, की दाढ काढायला आलाय असं वाटतं. नवरीची आई अजून मला बाजारात पाहिलं की पदर ओढून दुसरीकडे वळते.

माझं स्वतःचं लग्न याच कारणानं राहिलं, हेही थेइलिन लिहायला सांगते. मावलाईची एक मुलगी होती, चांगली होती, तिला मी आवडायचोही. तिच्या मामांनी मला बोलावून विचारलं, 'आमच्या घरी राहायला येशील, ते टिकशील किती?' मला वाटलं धंद्याचं विचारतायत, म्हणून मी म्हणालो, 'तीन गाणी, बाह, त्याच्या वर राहू देत नाहीत.' त्यांनी चहा अर्धवट असतानाच माझा पेला उचलला. हसायला येतं आता. तेव्हा नव्हतं आलं.

थेइलिनचं म्हणणं असं, की माझ्यासमोर मामांचं केवढं उदाहरण होतं! मामाही वाजवायचे. त्यांचा 'वेट मॅचेस' बँड सगळ्या शिलाँगला माहीत होता (या हवेत काडी कधी पेटत नाही, म्हणून बँडचं नाव ओल्या काड्या, तुमचंच डोकं). पण त्यांच्या मामांनी एकदा सांगितलं, पुरे झालं, तर ऐकलं की नाही? गिटार भिंतीला टांगली, वीज खात्यात लागले, शेलाला बायकोच्या घरी गेले, आज पेन्शन घेतायत. 'याला म्हणतात माणूस,' असं ती म्हणते. गिटारला वीज लागते, म्हणून तुम्ही थेट विजेच्याच घरी जाऊन बसलात, असं मी म्हटलं, तर तिनं मला चमचा फेकून मारला. लागला नाही.

आता गेल्या शनिवारचं. तुमच्या कानावर आलंच असेल, कारण शेलाच्या बाजारात माझा व्हिडिओ पोचलाय म्हणे. त्यात सांगतात तसं मला चार जणांनी उचललेलं नाही. दोघांनीच उचललं.

झालं असं, की संगीतमहोत्सवात 'टिन रूफ'ला दुपारची वेळ मिळाली होती. थेइलिननं मला पढवून पाठवलं, 'तुझा पास आहे, पुढे जा, कार्यक्रम संपला की पोरीला तशीच धरून घरी आण आणि मामा म्हणून चार शब्द सुनाव.' मी निघालो. कानात बोळे घातले, पट्ट्यात उभा राहिलो. इदा आली. मामा, आपली पोर आहे म्हणून सांगत नाही, पण ती माइकसमोर नुसती उभी राहिली आणि माझं बोट बटणावरच राहिलं. मग कामाला लागलो. नाकपुड्या आजीच्या आहेत, हुबेहूब. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी आपला सवयीनं वळलो, फाटकाकडे चालू लागलो, आणि सवयीनंच कानातले बोळे काढले.

आणि मागून तुमचं गाणं आलं.

'पाऊस थांबला की येतो, दाराला कडी घालू नकोस.' मला आधी वाटलं, वय झालं, कान वाजतायत. हे गाणं तुम्ही घर सोडून शेलाला निघालात तेव्हा मेईसाठी केलेलं. लोकांपुढे एकदाच म्हटलंत, शाळेच्या हॉलमध्ये. मी मेईच्या मांडीवर होतो. दोन कडवी झाली आणि वीज गेली. तिसरं कोणी ऐकलंच नाही, आणि नंतर तुम्ही वाजवायचंच सोडलंत. ते गाणं कुठे छापलेलं नाही, कुठे टेपवर भरलेलं नाही. आणि इथे हजारभर पोरांपुढे कापलेल्या केसांची आपली इदा ते म्हणत होती, गिटार, ढोल, सगळं लावून. म्हणत कसली होती, मामा, भांडत होती. तुम्ही हळू म्हणायचात. तिनं असं म्हटलं, की खरोखर कोणाच्यातरी दारात उभी आहे आणि आतले लोक झोपलेत.

मी उलटा पळालो. पट्ट्यात शिरलो आणि स्टेजला नाक लावून उभा राहिलो. काळ्या टी-शर्टातला पहारेकरी आला, तर तो आपल्या खालच्या गल्लीतला लॅम्बोर. मला म्हणाला, 'बाह, तीन झाली. फोटो बंद.'

'मी फोटो काढतच नाहीये.'

'मग उभे कशाला?'

'ऐकतोय.'

तो बिचारा गोंधळला. ऐकणाऱ्याचं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणाला, 'ऐकायचं तिकिटात, बाह. इथे ऐकायला परवानगी नाही.' मी ओरडलो, ती माझी भाची आहे, मी तिचा मामा आहे! तर म्हणतो, 'इथे सगळेच कोणाचे ना कोणाचे मामा आहेत. चला ना, बाह, तमाशा नको. तुमच्या मेईला मी काय तोंड दाखवू?' मी कठडा धरला. मग त्यानं जोडीदाराला बोलावलं, 'माफ करा हां, बाह,' असं म्हणून माझे पाय धरले, आणि मला आडवं करून नेलं. अगदी सांभाळून नेलं, कॅमेऱ्याला धक्का लावला नाही. मी आभाळाकडे पाहत, लोकांच्या टाळ्या घेत फाटकाकडे निघालो, तेव्हा इदाचं दुसरं कडवं संपत होतं. तिनं मला पाहिलं. थांबली नाही. पुढचे शब्द मात्र नव्हते, म्हणून नुसती चाल गुणगुणत राहिली. तेवढ्यात फाटक आलं. म्हणजे आयुष्यात एकदा चौथं गाणं ऐकायला मिळालं, तेही अर्धं आणि आडव्यानं.

घरी आलो तर माझ्या आधी व्हिडिओ आलेला. थेइलिन म्हणाली, 'मी तुला माझ्या पोरीला स्टेजवरून उतरवायला पाठवलं होतं, आणि उतरवलं कोणाला? शाब्बास!' मी विचारलं, ते सोड, इदाला हे गाणं कोणी शिकवलं? तर थेइलिनला वाटलं मी, मला वाटलं थेइलिन. कोपऱ्यात मेई सुपारी कुटत होती. कुटायची थांबली नाही. म्हणाली, 'मी शिकवलं. भात शिजेपर्यंत दुसरं काय करायचं?' इदा म्हणाली, 'आजीला तिसरं कडवं आठवत नाही, म्हणून गुणगुणले.' त्यावर मेईनं खलबत्ता खाली ठेवला. 'आठवत नाही कशाला? त्यानं दिलंच नाही मला. देतो म्हणाला आणि गेला.' थेइलिननं विनाकारण चूल पुसली.

तर मामा, हा सगळा पुरावा. यावरून रॉकच्या नादाला लागलेल्या माणसाचं काय होतं ते तुम्हांला दिसलंच असेल: त्याला बायको नाही, लौकिक नाही, आणि त्याला दिवसाढवळ्या उचलून नेतात. (हे वाक्य थेइलिनचं आहे, शब्दशः.) तेव्हा आम्हां सर्वांची तुम्हांला नम्र विनंती, की रविवारच्या आत 'इदानं नर्सिंगला जावं' असं चार ओळींत लिहून याच सुमोवाल्याबरोबर पाठवावं. सोबत आंबवलेल्या सोयाबीनचं थोडं तुंगरिंबाइ पाठवतोय, डबा परत केला नाहीत तरी चालेल, पण वास मामींनी सांभाळून घ्यावा.

तुमच्या शब्दाबाहेर कधीही न गेलेला (तुम्ही एकच शब्द दिला होतात, तो अजून निभावतोय),
भाचा,
किनसाय

ता. क. थेइलिन आता चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली. आता खरं लिहितो. वरची शेवटची विनंती तुम्ही वाचली नाही असं समजा. त्या चार ओळी लिहू नका. होकाराच्याही नकोत, नकाराच्याही नकोत. कागदावर आलं की थेइलिन म्हणेल संपलं, आणि मला ते संपायला नको आहे. तुम्ही स्वतः या. मला करू दे म्हणालात त्या दिवशी तुम्ही भर पावसात आला होतात. कोमेजलेल्या पानासारखी लोळागोळा झालेली तुमची छत्री मला अजून आठवते. तेव्हा पावसाचं मला सांगू नका.

ता. क. इदाला मी मामा म्हणून माझा शब्द आधीच देऊन टाकलाय. 'गा' म्हटलं. तो घरात चालत नाही, पण दिला. नर्सिंग वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही, तिला जायचंच असेल तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. पण तिनं जायचं ते गाणं पुरं करून जायचं. आपल्या घरातले पुरुष सगळे अर्ध्यातून निघून गेलेत, मामा. तुम्ही गेलात, तिचा बाप गेला, मी तर पोटापाण्यासाठी जात आलो. एखादीला तरी शेवटपर्यंत थांबू द्या. आणि तिसरं कडवं फक्त तुमच्याकडे आहे.

ता. क. थेइलिनवर रागावू नका. भांडी घासताना ती फोन नळामागे उभा करून तोच व्हिडिओ लावते, आवाज बारीक करून. मला वाटलं माझी फजिती पाहून हसत असेल. जवळ जाऊन पाहिलं तर मला उचलून नेल्याच्या पुढचा भाग बघत होती. 'साबण गेला डोळ्यात,' म्हणाली.

ता. क. सुमोची पुढची जागा शनिवारसाठी सांगून ठेवलीय, गुडघा लांब करून बसता येईल. सुमोवाला तुमच्या दारात हॉर्न वाजवेल. गिटार आणू नका, इदाकडे आहे. रविवारी मी कॅमेरा घेणार नाही, कानात बोळेही घालणार नाही, आणि लॅम्बोरला सांगून ठेवलंय की त्या दिवशी मला कोणी उचलायचं नाही.

ता. क. एक राहिलंच. मेई हल्ली रात्री दाराला कडी घालत नाही. थेइलिन रोज ओरडते, चोर शिरतील म्हणून. मला इतकी वर्षं वाटायचं, म्हातारी विसरते. इकडे पाऊस केव्हाच थांबलाय, मामा.